टेकडीवरचा पाव्हणा

बाळांनो, तुम्ही दोघांनी पाठवलेले फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिले. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, छातीवर नंबराचा कागद, मागे बर्फाचे डोंगर. खाली तुम्ही लिहिलंय की दिवाळीत येताना ताईसाठी असेच डोंगरात पळायचे बूट आणणार, तिच्या पायाचं माप कळव, आणि मग तिघं मिळून तिच्या टेकडीवर पळू.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. फोनवर तुम्ही विचारलंत तेव्हा मी सोयाबीनचा विषय काढला. फोनवर बोलणं शक्य नव्हतं, कारण ताई बाजूच्याच खोलीत होती. म्हणून लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, इंग्रजीत लिहिणं मला जड नाही. पण ही सगळी गोष्ट एका मराठी शब्दावर अडलेली आहे, आणि तो शब्द इंग्रजीत नेला की अर्धा इथेच राहतो. सावकाश वाचा. अडलं तर बाबांना विचारा.

आपलं घर गावातलं शेवटचं, हे तुम्हाला आठवत असेल. अंगण संपलं की आपलंच एक वावर, वावर संपलं की टेकडी. तुमचे काका गेल्यापासून घरात आम्ही तिघी: मी, माझी सून म्हणजे तुमची काकू, आणि तिची मुलगी ताई. ताईला वनरक्षक व्हायचं होतं. लेखी परीक्षेत ती नेहमी पुढे असायची. धावण्याची चाचणी मात्र ठरलेल्या वेळेत पूर्ण करावी लागते, आणि पहिल्या खेपेस ती थोडक्यात हुकली. पोटात कळ आली आणि शेवटच्या वळणावर ती वाकून उभी राहिली. घरी येऊन तिने बूट धुतले, उन्हात ठेवले आणि म्हणाली, "आजी, आता टेकडीवर पळतो. टेकडी जमली तं मैदान काहीच नाही." (इथल्या मुली अशाच 'पळतो', 'जातो' म्हणतात, हे तुम्हाला मागेच सांगितलं होतं.)

रस्त्यावर ती का पळली नाही, असं तुम्ही विचाराल. मुकुटबनकडचा रस्ता दिवसरात्र ट्रकांचा आहे. धुळीने झाडं पांढरी झालेली असतात, आणि ट्रकवाले हॉर्न वाजवून जे बोलतात ते मी लिहिणार नाही. शाळेच्या मैदानावर मुलं क्रिकेट खेळतात आणि बाकीची मुलं मुलींना पाहायला बसतात. राहिली टेकडी.

टेकडीवर अर्ध्यापर्यंत गुरांची वाट होती. बोरीच्या झाडांपासून निघून ती एका मोठ्या चपट्या दगडापाशी संपायची. त्याला गावात बसका दगड म्हणतात. त्याच्या पुढची वाट ताईने पायांनी केली. वर पठारावर जाऊन, सागाच्या झाडांमधून वळसा घेऊन, नाल्याच्या कडेने खाली. रोज तेच पाय तिथेच पडले की गवत हार मानतं. वर्षभरात अंगणातून पाहिलं तरी ती रेघ दिसायची, केसांतल्या भांगासारखी.

उन्हाळ्यात ती पळायची तेव्हा मोहफुलं वेचायला आलेल्या बाया झाडाखाली असायच्या. "काहून पळून राह्यली वं? कोणाची गाय सुटली?" म्हणायच्या. ताई पळता पळताच ओरडायची, "मीच सुटली!" पावसाळ्यात वावरातली काळी माती बुटांना धरायची, एकेका पायाला वीटभर. म्हणून ती बूट हातात घेऊन अनवाणी वावर पार करायची आणि मुरूम लागला की बूट घालायची. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. पोळ्यानंतर गवत कमरेला येई आणि कुसळं सुटत. तिच्या मोज्यांमधून कुसळं उपसत संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसायचो. काकू बसायची नाही. तिला हे पळणं मान्य नव्हतं. पण एका दुपारी मी पाहिलं, ती विळा घेऊन त्या वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत कापत होती. मी काही म्हणायच्या आत तीच बोलली, "म्हशीले चारा पाहिजे." चारा काय, बांधावरही भरपूर होता.

हिवाळा आला. नाल्यावर धुकं, वावरात कापसाची वेचणी. आणि त्याच वेचणीत शेजारच्या गावची एक बाई वावरातून उचलली गेली.

कुणी उचलली, हे आपल्या गावात कुणी उच्चारलं नाही. आमच्या टेकडीच्या कडेच्या गावांत त्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो ऐकतो, असं मानतात. कुठे त्याला 'मोठा' म्हणतात, कुठे नुसतं 'जनावर'. आपल्या गावात म्हणतात 'पाव्हणा'. "पाव्हणा नाल्यापर्यंत आलता." "पाव्हण्यानं गोऱ्हा नेला." मी इथे नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला याची गंमत वाटली होती. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा देवांबरोबर असली भीतीही घराबाहेर काढली होती, असं ते म्हणायचे. तरी इतक्या वर्षांत मीही 'पाव्हणा'च म्हणू लागले. काकू तर फार पाळते. टीव्हीवर बातम्यांत तो शब्द आला तरी ती आवाज कमी करते.

वनखात्याची गाडी भोंगा लावून गावात फिरून गेली. दिवस वर आल्याशिवाय आणि मावळल्यानंतर कुणी टेकडीकडे जाऊ नये. ताईची पुढची चाचणी जवळ आली होती. वयाच्या अटीमुळे ती शेवटचीच होती. त्यानंतर तिला अर्जच करता येणार नव्हता. तिने पहाटेचं पळणं सोडलं आणि ऊन चांगलं वर आल्यावर, गुरं टेकडीवर असतात त्या वेळी पळू लागली. "गुरं हायेत, गायकी हाय, मले काय होते?" असं तिचं म्हणणं. गायकी म्हणजे गावची गुरं राखणारा. तो म्हातारा आहे, पण आवाज असा की टेकडीवरून हाक मारली तर बसस्टँडवर ऐकू यावी.

आता त्या शब्दाचा दुसरा अर्थ. तो तुम्हाला माहीत आहे. मुलगी पाहायला येणारे, तेही पाव्हणेच.

काकूने उमरखेडकडचं एक स्थळ आणलं होतं. मुलाचं दुकान, घर चांगलं. ते कधीही येतो म्हणाले होते. त्यावरून घरात रोज जुंपायची.

"मार्च होऊ दे ना, आई. एवढी एक भरती."

"दर भरतीले तू हेच म्हणते. भरतीचं वय संपून राह्यलं, तसं लग्नाचंही संपते. मी एकटी काय काय पाहू?"

"पाव्हणे ज्या दिवशी येतीन ना, त्या दिवशी मी टेकडीवरून उतरणारच नाही. बस त्यायले चहा पाजत."

"नको उतरू. मी तुहे बूट दाखवीन त्यायले. म्हणीन, पोरगी पळाली, बूट पसंत असन तं घेऊन जा."

मी हसले होते. ताईसुद्धा हसली होती. पण ती बोलली ते खरं बोलली होती, हे आम्हा दोघींनाही कळलं होतं.

माघातली सकाळ होती. सागाची पानगळ चालू होती. त्या दिवसांत टेकडीवर पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज येतो आणि पानांखाली दगड आहे की खड्डा, ते दिसत नाही. काकू अंगणात तूर पाखडत होती. ताई पळायला गेल्यावर आपल्या विहिरीवर सौर पंप बसवायला माणसं आली होती, त्यांची पांढरी गाडी दारासमोर उभी होती. ताईचा फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला. पळताना ती फोन नेत नसे. मी ओट्यावर बसून तिच्याकडे पाहत होते. तिचं पिवळं टीशर्ट बसक्या दगडाच्या थोडं वर पोचलं होतं.

एकदम वानरं खाकरायला लागली. मग गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या, चरताना वाजतात तशा नव्हे, पळतानाच्या. गुरं टेकडीच्या डाव्या अंगाने खाली ओतल्यासारखी आली. त्यांच्यामागून गायकी. तो धावत होता आणि वर तोंड करून ओरडत होता:

"पाव्हणा आला वं माय! पाव्हणा आला! घरी जा! घरी जा लवकर!"

ताईने ते ऐकलं. ती थांबली आणि वळली. तिथून तिला आपलं घर दिसतं. तिने घराकडे पाहिलं, आणि घरासमोर पांढरी गाडी उभी होती.

मी तिला पाहत होते. ती खाली येईल म्हणून मी उठून उभी राहिले. ती वर वळली आणि दुप्पट जोराने टेकडी चढू लागली.

त्या क्षणी मला सगळं उमगलं. मी काकूला म्हणाले, "तिला ते पाव्हणे वाटले. गाडी पाहून तिला वाटलं ते आले."

काकूच्या हातातून सूप पडलं. तूर अंगणभर झाली. ती वावरातून धावत निघाली, पदर सुटलेला, चप्पल नाही. "अवं, ते पाव्हणे नाही! ते पाव्हणे नाही वं!" ती ओरडत होती. मी मागून जात होते, पण माझे पाय तुम्हाला ठाऊक आहेत. गायकी अजून तेच ओरडत होता, "पाव्हणा आला, घरी जा!" आणि तो जितका ओरडे तितकं ते पिवळं टीशर्ट वर जाई. पठारावर पोचलं की ती सागाच्या झाडांत शिरणार होती आणि तिथून तिला काही ऐकू येणार नव्हतं. वानरं त्याच झाडांत होती.

वावराच्या टोकाला काकू थांबली. तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले. आणि जो शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, तो तिने घसा फाटेस्तोवर ओरडला.

"वाघ! वाघ हाय वर! पोरी, वाघ! वाघ!"

बांधावर गोळा झालेल्या बायांतली एक म्हणाली, "नाव नको घेऊ वं, नाव नको घेऊ!" काकूने मागे वळूनही पाहिलं नाही. ती ओरडतच राहिली. मग मीही ओरडले. सौर पंपाची माणसंही ओरडू लागली, ती बाहेरगावची, त्यांना काही माहीत नव्हतं.

टीशर्ट थांबलं. झाडं तिच्या समोर अगदी जवळ होती. मग ते वाट सोडून सरळ खाली येऊ लागलं. उतार अंगावर येणारा, पानांनी झाकलेला. मी मनात म्हणत होते, वाटेने ये, तुझ्या वाटेने ये. पण तो वळसा घालायला तिच्याकडे वेळ नव्हता. मध्येच ती दिसेनाशी झाली. काकू बोरीच्या झाडांकडे धावली. मग ती उठली. एक पाय टाकत, एक ओढत, आणि तरीही पळत, ती बोरीच्या झाडांपर्यंत आली आणि काकूच्या अंगावर कोसळली.

"मले वाटलं पाव्हणे आले," ती म्हणाली.

"मेले पाव्हणे!" काकू म्हणाली. "मेले ते सगळे पाव्हणे!" आणि तिला जवळ घेता घेता तिच्या पाठीत धपाटे घालत राहिली.

तो आम्हाला दिसला नाही. गुरांत एक गाय कमी होती, एवढंच.

ताईचा डावा घोटा संध्याकाळपर्यंत भोपळ्यासारखा सुजला. मारेगावला दवाखान्यात नेलं. हाड शाबूत होतं, पण आतला अस्थिबंध फाटला होता. डॉक्टर म्हणाले, पाय टेकवायचा नाही, आणि धावणं तर पावसाळ्यापर्यंत मनातही आणायचं नाही. चाचणी त्याच्या कितीतरी आधी होती. तारीख बदलून मिळावी म्हणून मी माझ्या सगळ्या इंग्रजीनिशी अर्ज केला. उत्तर आलं की तशी तरतूद नाही. त्यात उत्तर देणाऱ्याचा दोष नाही, तरतूद खरंच नव्हती.

ती गेली. आम्ही दोघी तिच्याबरोबर. घोट्याला घट्ट पट्टी बांधून, त्यावर मोजा, त्यावर बूट, आणि नाडी मुद्दाम सैल, म्हणजे सूज कुणाला दिसू नये. नातेवाइकांना मैदानात जाऊ देत नव्हते. जाळीच्या कुंपणाबाहेर आम्ही उभ्या होतो, तशाच आणखी कितीतरी आया.

शिट्टी वाजली. पहिला फेरा ती बाकीच्या मुलींबरोबर होती. मला क्षणभर वाटलं, टेकडीने तिला इतकं दिलंय, एक पाय नसला तरी चालेल. दुसऱ्या फेऱ्यात ती मागे पडू लागली. आमच्यासमोरून गेली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. काकूने जाळीत बोटं अडकवली होती. ती पुटपुटत होती, मग मोठ्याने बोलू लागली, आणि ताई पलीकडच्या वळणावर लंगडू लागली तसा तिचा तोल सुटला.

"पाव्हणा आला वं!" ती ओरडली. "पाव्हणा आला, पळ! वर पळ! घरी नको येऊ, पळ!"

आजूबाजूच्या बाया हसल्या. त्यांना वाटलं, या बाईला पाहुणे कुठे दिसले. ताईने मात्र मान वर केली. ती ऐकून पळाली. खरंच पळाली, बाळांनो. ते शेवटचं अंतर ती ज्या तऱ्हेने धावली ते मला रोज दिसतं. रेघ ओलांडून ती पडली तेव्हा घड्याळ धरलेल्या माणसाने मान हलवली होती. वेळ आधीच संपली होती.

बसमध्ये आम्ही तिघी एका बाकावर बसलो. वाटेत काकूने शेंगदाण्याची पुडी घेतली आणि ती तशीच हातात धरून घरापर्यंत आणली.

ते उमरखेडकडचे पाव्हणे नंतर आलेच नाहीत. मध्यस्थाने निरोप दिला की मुलीच्या पायात खोट आहे असं त्यांच्या कानावर आलं. काकू त्याला म्हणाली, "खोट तुमच्या कानात हाय," आणि फोन ठेवला. मग ती म्हशीच्या गोठ्यात जाऊन बराच वेळ बसली.

ताईचा पाय आता चालण्यापुरता बरा आहे. संध्याकाळी घोटा सुजतो. ती स्वयंपाक करते, म्हैस पाहते, वावरात जाते, विचारलं तर उत्तर देते. हिवाळ्यानंतर ती स्वतःहून टेकडीकडे पाहत नाही. ओट्यावर बसते तीही पाठ करून. तिचे बूट खिळ्याला टांगलेले आहेत. पावसाळ्यात त्यांवर बुरशी आली, मी पुसली, पुन्हा आली. रात्री ती झोपलेली नसते, हे मला तिच्या श्वासावरून कळतं. मी साऱ्या जन्मात किती मुलींना सांगितलं असेल की नेटाने करा, होतं. हिला काय सांगू ते मला सापडत नाही.

आणि टेकडीवरची ती रेघ गेली. यंदा पाऊस चांगला झाला, गवत कमरेच्या वर आहे. त्याच्यात वाट होती हे ज्याला माहीत नाही त्याला कळणारही नाही. वनखात्याने बोरीच्या झाडांपाशी फलक लावलाय, पुढे जाऊ नये म्हणून. त्यामुळे तुम्ही दिवाळीत आलात तरी टेकडीवर पळणं होणार नाही. ताईला तसा आग्रह करू नका. फोटोही दाखवू नका, निदान पहिल्या दिवशी नको.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. बुटांचं काय लिहावं ते ठरत नव्हतं. शेवटी आज सकाळी स्वयंपाकघरात मी काकूला हळूच विचारलं, मुलं बूट आणायचं म्हणतात, नको म्हणून कळवू का?

काकू भाकरी थापत होती. ती मुद्दाम मोठ्या आवाजात म्हणाली, "आणू द्या ना, आत्याबाई. मी घालीन. तुरीत फवारा मारताना कामी पडतीन मले."

बाहेर ताई भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला. मग तिचा आवाज आला, "तुले नाही होत ते. तुहा पाय केवढा, आन् माहा केवढा."

"मंग तुह्याच मापाचे सांगते. बोटं मुडपून घालीन."

"घाल. आन् पड कुठी."

पुन्हा भांड्यांचा आवाज सुरू झाला. काकूने भाकरी तव्यावर टाकली, पण उलटायची विसरली. ती करपल्याचा वास आला तेव्हा आम्ही दोघी दचकलो.

यातून काय समजायचं, मला माहीत नाही. तिने बूट मागितले असं मी म्हणणार नाही. ती दुःखातून बाहेर आली असंही नाही. दुपारी ती परत भिंतीकडे तोंड करून पडली होती. पण बुटांबद्दल तिने तोंडातून शब्द काढला, तो इतक्या महिन्यांत आजच.

तेव्हा आणा. माप ताईचं, सहा नंबर. डावा घोटा संध्याकाळी सुजतो, म्हणून नाडी लांब असलेले पाहा. कुणासाठी आणले हे विचारलं तर म्हणा, काकूसाठी.